वय घरी ठेवून या

परवा कुठल्याशा देशानं विशीतल्या एका पोराला आपल्या क्रिकेट संघाचं कप्तान केलं आणि आमच्या वाचनालयात म्हाताऱ्यांचं संमेलनच भरलं. अजून धड मिशी फुटली नाही, हा काय थोरामोठ्या गोलंदाजांना हुकूम सोडणार, अनुभव नावाची काही चीज असते की नाही, वगैरे. शेवटी राहवेना. म्हणालो, "मी स्वतः अठरा वर्षांच्या पोराच्या हाताखाली खेळलोय. आणि तो पोरगा माझ्याच वर्गात होता." सगळे माझ्याकडे दयेनं बघायला लागले. त्यांची दया त्यांना लखलाभ. मी घरी आलो आणि हे लिहायला बसलो.

त्या पोराचं नाव दुलीचंद पटले. गोष्ट स्वातंत्र्याच्या पुष्कळ आधीची. मी तेव्हा गोंदियाच्या हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. दुली कामठ्याकडच्या एका खेड्यातल्या पोवार शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला गोंदियात खोली करून राहायचा आणि स्वतःचा भात स्वतः शिजवायचा. माझ्या विषयात त्याचा उजेडच होता. फुलदाणी काढायला सांगितली की हा लोटा काढायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "मास्तर, आमच्या घरी फुलदाणी नाई, लोटा हाये." मी मार्क कापायचो. पुढच्या वेळी पुन्हा लोटाच. पण लोटा मात्र वर्षागणिक चांगला येत गेला, हे मान्य करायला हवं.

क्रिकेट तो बांधीत शिकला. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं शेत, चारी बाजूंनी मातीचे धुरे घातलेलं. कापणी झाली की रिकाम्या बांधीत पोरं खेळायची. चेंडू धुऱ्याला लागला की चौकार. उंच मारला तर शेजारच्या लाखोरीच्या पिकात जाऊन पडायचा आणि शेजारी काठी घेऊन यायचा. म्हणून दुलीचा फटका कायम जमिनीलगत. अंगानं बेताचा, मान आखूड, आवाज मात्र एवढा की मैदानाच्या या टोकावरून बोलला तर त्या टोकाच्या म्हशी माना वर करायच्या.

गावात आमचा एक टाउन क्लब होता. क्लब कसला, रावसाहेबांचं सामान होतं म्हणून क्लब होता. रावसाहेब मोठे मालगुजार. कामठ्याकडची दोन-तीन गावं त्यांची, आणि गोंदियात तांदळाची गिरणी. बॅटी त्यांच्या, पॅड त्यांचे, स्टंपही त्यांचेच. आणि त्या काळचा रिवाज असा की ज्याचं सामान त्याची कप्तानी. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. देशाची टीम विलायतेला गेली तेव्हाही कप्तान संस्थानिकच होता, मग आमच्या गोंदियानं काय पाप केलं होतं?

रावसाहेब पहिल्या नंबरावर खेळायला जायचे. त्यांना पायचीत देणारा अंपायर अजून जन्माला यायचा होता. त्रिफळा उडाला तर तो चेंडू नो बॉल असायचा. फिल्डिंगची वेळ आली की ते छत्रीखाली खुर्चीत बसायचे आणि त्यांच्या जागी त्यांचा घरगडी धोतर खोचून मैदानात उभा राहायचा. त्या गड्यानं झेल घेतला तर टाळ्या रावसाहेबांना पडायच्या. तेही हात उंचावून त्या स्वीकारायचे.

दरवर्षी नाताळात रेल्वेच्या साहेब लोकांशी आमचा सामना व्हायचा. रेल्वेच्या मैदानावर, त्यांच्या क्लबघरासमोर. आणि दरवर्षी आम्ही हरायचो. ते आमच्यापेक्षा चांगले होते म्हणून नव्हे. साहेब खूश राहिला की रावसाहेबांच्या तांदळाला मालगाडीच्या वाघिणी वेळेवर मिळायच्या, म्हणून. सामना हातात यायला लागला की रावसाहेब मैदानाबाहेरून गोलंदाज बदलायचे आणि चेंडू आमच्या वकीलसाहेबांच्या हाती द्यायला लावायचे. वकीलसाहेब माणूस सोन्यासारखा, चाळिशी ओलांडलेला, पण त्यांच्या गोलंदाजीवर कुणीही चौकार मारावा. मग संध्याकाळी साहेब रावसाहेबांच्या पाठीवर थाप मारायचा आणि आम्ही झाडाखाली उभं राहून चहा प्यायचो.

दुली टीममध्ये आल्यावरचा पहिला नाताळ. चहाचा कप त्याच्या हातात होता. तो प्यायला नाही. सरळ चालत खुर्चीपाशी गेला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "तुमी हरायले खेळता, रावसाहेब. मंग आमी कायले धावाचं?"

रावसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. शेजारच्या माणसाला विचारलं, "कुणाचा आहे हा?" 

"मी पटल्याचा," दुलीनंच उत्तर दिलं. "तुमच्या तलावाखाली आमची बांधी हाये."

दुसऱ्या दिवशी त्याला क्लबातून काढलं. त्यानंतर महिनाभरात क्लबातून निम्मी टीम निघाली, ती कुणी काढल्याशिवाय. रोज संध्याकाळी मैदानाच्या मागच्या पडीत जागेवर खेळणं सुरू झालं. सामान नव्हतं. दुलीनं गावच्या सुताराकडून शिवणीच्या लाकडाच्या बॅटी करून आणल्या. बुरडाकडून बांबूच्या कामट्यांचे पॅड विणून घेतले आणि त्यात धानाची तणस भरली. ते पॅड घालून धावलं की खसाखसा वाजायचं आणि वाटेत भेटलेली गाय मागे लागायची. मी मास्तर माणूस, पण मीही जायला लागलो. मला यष्टिरक्षण आवडायचं आणि रावसाहेबांच्या क्लबात ते त्यांच्या भाच्याकडे होतं. वकीलसाहेबही आले. म्हणाले, आयुष्यभर हरायला खेळलो, आता एकदा जिंकायला खेळून हरून बघतो.

कप्तान कोण, हा प्रश्न निघाला तेव्हा वकीलसाहेबांनीच खोडा घातला. "वयाचा काही मान आहे की नाही? शाळकरी पोर आपल्याला हुकूम करणार?"

दुली जमिनीवर उकिडवा बसून चेंडूला मेण लावत होता. म्हणाला, "वकीलसाब, तुमाले पायजे तं तुमी व्हा. पन जो होईल तो जितायले खेळल, येवढं पैले कबूल करा. आन् हात वर करून ठरवा. सामान कोनाचं हाये ते पाहू नोका." हात वर झाले. सगळ्यात जास्त हात दुलीसाठी होते. वकीलसाहेबांचा नव्हता. माझा होता.

आता पेच असा की आमच्याकडे लहानानं मोठ्याला नुसतं "सरका" म्हणणंही उद्धटपणा. त्यावर दुलीनं आपला एक मार्ग काढला. सामना सुरू व्हायच्या आधी तो आम्हा सगळ्या वडीलधाऱ्यांच्या ओळीनं पाया पडायचा. अगदी रीतसर, डोकं टेकवून. मग उठून हात झटकायचा आणि म्हणायचा, "झालं. आता वय घरी ठेवून या." त्या क्षणापासून खेळ संपेपर्यंत तो कुणाचा कुणी नसायचा. "मास्तर, झोपून राहिले का? दोन पावलं मांगं!" "वकीलसाब, चेंडू हाये तो, साप नाई. उचला!" खेळ संपला की पुन्हा ओळीनं पाया. सुरुवातीला आम्ही आशीर्वाद देताना जरा तोंड वाकडं करायचो. पुढे पुढे त्या पाया पडण्याची आम्हाला धास्तीच वाटायला लागली, कारण त्यानंतर काय सुरू होणार ते ठाऊक असायचं.

एकदा वकीलसाहेब उशिरा आले. कोर्टात काम निघालं होतं. दुलीनं त्यांना खेळवलं नाही. ते भर बाजारातून पांढऱ्या कपड्यात, पायी, लाल चेहऱ्यानं घरी गेले. आम्हाला वाटलं, गेला माणूस. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो तर वकीलसाहेब आधीच येऊन स्टंप ठोकत होते.

पण नियम फक्त दुसऱ्यांना असतात असंही त्याच्याकडे नव्हतं. भंडाऱ्याच्या एका शाळेशी आम्ही हरलो, आणि निव्वळ दुलीच्या हट्टामुळे हरलो. आपणच विकेट काढणार म्हणून गडी अखेरपर्यंत चेंडू सोडेना. पुढच्या सामन्याला त्यानं अकरा नावं वाचली, त्यात स्वतःचं नाही. मी विचारलं, हे काय? "पटले खेळाडू म्हून बसला हाये," तो म्हणाला, "कप्तान म्हून नाई." आणि तो पूर्ण सामना त्यानं बाहेर बसून, घसा बसेपर्यंत ओरडून चालवला. मला वाटतं, वकीलसाहेबांनी त्याला मनानं कप्तान मानलं ते त्या दिवशी.

नाताळ आला. साहेबांनी सामन्याचं बोलावणं नेहमीप्रमाणे रावसाहेबांकडे पाठवलं. पण रावसाहेबांकडे आता सामान होतं आणि माणसं नव्हती. त्यांनी चतुरपणा केला. खेळा तुम्हीच, म्हणाले. नाव टाउन क्लबचंच राहू द्या, कप्तानाचं पाहू काय ते. 

पाहू काय ते, म्हणजे काय, हे मैदानावर कळलं. साहेबांचा कप्तान एक उंच, लालबुंद माणूस. तो नाणं घेऊन क्लबघरातून उतरला, खेळपट्टीवर उभ्या असलेल्या दुलीच्या अंगावरून गेला आणि छत्रीखालच्या रावसाहेबांसमोर जाऊन उभा राहिला. रावसाहेब हसत खुर्चीतून उठले.

दुली तिथूनच ओरडला, "साहेब! कप्तान इधर है!"

साहेबानं वळून पाहिलं. "बच्चा लोग से टॉस नहीं मांगता," तो म्हणाला.

मैदानाभोवती सगळं गोंदिया जमलं होतं. गिरणीतली माणसं, बाजारातले व्यापारी, शाळेची पोरं. दुलीनं आमच्याकडे पाहिलं. आमच्या पाया पडून झालं होतं. म्हणाला, "बसा."

म्हणजे खेळपट्टीवरच. खाली. रावसाहेब आमच्या शाळेच्या कमिटीवर होते आणि ते माझ्याचकडे पाहत होते. वकीलसाहेबांची निम्मी कामं रेल्वेची होती. पण पहिले बसले ते वकीलसाहेबच. परीटघडीची पांढरी पॅन्ट गुडघ्यांशी जरा वर ओढून, व्यवस्थित मांडी घालून ते धुळीत बसले. मग आम्ही सगळे. दुली एकटा उभा होता. साहेबानं रावसाहेबांना खूण केली, रावसाहेबांनी गड्याला पाठवलं, गड्यानं येऊन हात जोडले. आम्ही बसूनच. ऊन वर आलं. क्लबघराच्या व्हरांड्यातल्या मडमा उभ्या राहून बघायला लागल्या. शेवटी साहेबाच्याच एका गोलंदाजानं त्याला काहीतरी सांगितलं आणि तो तणतणत मधे आला. नाणं उडालं. दुली टॉस हरला. आमच्या लोकांनी एवढ्या टाळ्या वाजवल्या की साहेबाला वाटलं असावं, या लोकांना नियमच कळत नाहीत.

ते आधी खेळले. दुपारनंतर आमची पाळी आली. सामना वर-खाली होत होता आणि एक बाजू दुलीनं धरून ठेवली होती. तो आउट झाला असता तर मागे आमच्यासारखेच उरले होते. हे आम्हाला कळत होतं आणि रावसाहेबांनाही कळत होतं. तेवढ्यात मला दिसलं की रावसाहेबांच्या खुर्चीजवळ एक म्हातारासा माणूस जमिनीवर बसलाय. डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. रावसाहेब त्याच्याशी खाली न बघता बोलत होते. मग तो उठला आणि खेळ चालू असताना सरळ मैदानात चालायला लागला. अंपायर ओरडला. गोलंदाज थांबला. तो दुलीचा बाप होता. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला फलंदाज म्हणून उभा होतो, त्यामुळे पुढचं बोलणं मी कानांनी ऐकलं.

दुली सवयीनं पाया पडायला वाकला. बापानं त्याला दंडाला धरून उभं केलं.

"आता पाया पडू नोको. निरोप हाये. रावसाहेब म्हणून राहिले का आउट हो. नाई तं पुढच्या साली तलावाचं पानी आपल्या बांधीत येनार नाई."

दुलीचा चेहरा उतरला. मी त्याला तसा कधीच पाहिला नव्हता. तलाव रावसाहेबांचा. आश्विनात पाऊस सरतो, धान भरायची वेळ असते, तेव्हा तलावाचं पाणी पाटानं आलं नाही तर वर्षाची मेहनत वाळून जाते. आमच्याकडे हे लहान पोरालाही समजावून सांगावं लागत नाही.

"मंग काय करू, बा?"

"मले काऊन विचारतेस? घरी तू माहा पोरगा. इथं तू कप्तान हायेस, तुले सांगनारा मी कोन?" म्हातारा वळला. दोन पावलं गेला आणि थांबला. "पन जानूनबुजून आउट झालास तं पायदळ घरी ये. माह्या बैलबंडीत बसू नोको."

आणि तो छत्रीकडे परत गेला नाही. शाळेच्या पोरांत जाऊन बसला.

पुढचं काय सांगू? दुली तसाच खेळला जसा रोज खेळायचा, जमिनीलगत, एकेक धाव चोरत. मी लौकरच आउट झालो, माझं तिथलं काम झालं होतं. शेवटी त्याच्या जोडीला वकीलसाहेब होते. त्यांना त्यानं एवढं पळवलं की ते धाव पूर्ण करून बॅटवर ओणवे व्हायचे आणि त्याला शिव्या द्यायचे, आणि तो म्हणायचा, "देऊन राहा, पन पळत पळत द्या!" विजयाचा फटका क्लबघराच्या पायरीवर जाऊन आदळला. साहेब हात न मिळवताच चालायला लागला. दुली त्याच्या पुढे जाऊन उभा राहिला, हात पुढे केला आणि साहेबानं तो घेईपर्यंत तसाच धरून ठेवला. संध्याकाळी तो बापाच्या बंडीत, पुढे बसून गावी गेला.

मला त्या दिवसाचा अभिमान आहे. अजून आहे. कुणी कितीही म्हणो, खेळच तो. आम्ही हरायला जन्मलो नव्हतो, एवढं आम्हाला एका पोरानं दाखवलं आणि ते आम्ही पाहिलं.

पण रावसाहेबही शब्दाचे पक्के निघाले. पावसाळा बरा गेला. आश्विन लागला, पाऊस थांबला, तलावाचं दार उघडलं, पाट वाहायला लागले. पटल्यांच्या बांधीकडचा पाट मात्र मातीनं बुजवून टाकलेला. दुली शाळा सोडून गावी जाऊन बसला. मग रावसाहेबांचा निरोप आमच्या टीमकडे आला. काही नको, म्हणाले. पोरानं कप्तानी सोडावी, माझं नाव लावावं, खेळायचं तसं खेळावं. त्याच दिवशी पाणी सोडतो.

आम्ही टीमची बैठक घेतली. सगळ्यांचं एकच मत पडलं. नावात काय आहे, घ्या म्हणावं नाव, पण त्या म्हाताऱ्याचं धान वाचू द्या. वकीलसाहेबांनी बंडी केली आणि आम्ही सगळे दुलीच्या गावी गेलो.

आम्ही पोचलो तेव्हा उशीर झाला होता. बाप-लेक विळे घेऊन बांधीत उतरले होते. लोंब्या पोचट. कापत होते ते गुरांना तरी होईल म्हणून. शेजारच्या बांध्यांत पाणी चमकत होतं आणि धान गुडघ्याच्या वर डोलत होतं. आम्ही धुऱ्यावर ओळीनं उभे राहिलो. वकीलसाहेबांनी सगळं नीट मांडलं, कोर्टात मांडतात त्याहून नीट. काही बांध्या अजून वाचतील, म्हणाले. तू फक्त कप्तानी सोड.

दुलीनं ऐकून घेतलं. विळा खांद्याला टेकवला.

"मी सोडत नाई," तो म्हणाला. "तुमी बनवलं, तुमी काढू शकता. इथंच काढा. ज्याले मी कप्तान नोको त्यानं हात वर करा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. त्याच्या भल्यासाठीच तर आलो होतो. एक हात वर गेला असता तर बाकीचे गेले असते. वकीलसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि तो हात खाली घेऊन पाठीमागे बांधला. माझेही हात मी कुठे ठेवावेत ते मला कळेना. कुणाचाच वर गेला नाही.

बाप कापतच होता. मान न उचलता म्हणाला, "झालं असल तं धुऱ्यावरून उतरा. वाट अडवून राहिले तुमी."

"मंग नाताळाच्या तयारीले लागा," दुली म्हणाला. "मी येतो कापून."

सगळे बंडीकडे वळले. मी मागे राहिलो. माझी वर्धेकडे बदली झाल्याचं मला आदल्याच दिवशी कळलं होतं. कमिटीनं करवली होती, कुणामुळे ते उघड होतं. मी दुलीला सांगितलं की या नाताळात मी नसेन. मला वाटलं, त्याला वाईट वाटेल. वाटलंही असेल. त्यानं विचारलं, "तिथं मैदान हाये का?"

"आहे म्हणतात."

"मंग टीम काढा. आन् कप्तान लोकाइले निवडू द्या. तुमी मास्तर हाव म्हून बनू नोका."

मी म्हणालो, "बरं."

त्यानं मान हलवली, वाकला आणि वाळलेल्या धानाची पुढची मूठ धरली.